मजुरीपोटी आलेले पट्ट्यापट्ट्यांचे कापड



गेल्या वर्षी आमच्या घरी जो कोणी आला त्याने एकच प्रश्न विचारला, "ताई, तुमच्याकडे सगळेच पट्ट्यापट्ट्यांचे कसे काय?" उशांचे अभ्रे पट्टेरी, भाजीची पिशवी पट्टेरी, शिलाई मशीनवरचे कव्हर पट्टेरी, इतकेच काय कुलरच्या स्टँडवर टाकलेला तुकडासुद्धा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. आम्ही हसून वेळ मारून नेत होतो. आज खरी हकिकत सांगतो, कारण त्या कापडापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यात आमची स्वतःची चूकही आहे.

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या खोलीत दुपारी शिवणवर्ग चालतो. अकरा भगिनी, चार पायमशीन. कोणाचा नवरा हमालीला, कोणाचा एमआयडीसीत, दोघी एकट्याच संसार ओढतात. मागच्या साली एका व्यापाऱ्याने ९०० पिशव्या शिवायला दिल्या, नगाला ८ रुपये मजुरी ठरली. पिशव्या वेळेवर पोचल्या. ७,२०० रुपये येणे झाले. त्यानंतर महिनाभर "उद्या या, परवा या" झाले आणि एके दिवशी पैशांऐवजी टेम्पोतून कापडाचा ताका उतरला. ८० मीटर गादीपाट, म्हणजे पिंजारी गादीच्या खोळीला वापरतो ते जाड पट्टेरी कापड. मीटरला ९० रुपये धरले म्हणे, ८० गुणिले ९०, बरोबर ७,२००. कागद पुढे केला. आम्ही त्या दिवशी ऑफिसातून घाईने आलेलो, सही करून मोकळे झालो. रात्री कागद वाचला तेव्हा त्यावर "संपूर्ण व अंतिम हिशोब पोच" असे होते. बी. कॉम. झालेले, ऑफिसात दुसऱ्यांची व्हाउचरे तपासणारे आम्ही, आणि स्वतःच्या बायाबापड्यांच्या मजुरीचा कागद न वाचता सही! दुसऱ्या दिवशी बाजारात चौकशी केली, तर तसले कापड ६० ते ६५ रुपये मीटर मिळत होते.

मजुरी मालात देऊ नये, रोख द्यावी, ही काही आजची गोष्ट नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात ते स्पष्ट लिहिलेले होते, आणि त्या कायद्याचे विधेयक १९४६ साली केंद्रीय कायदेमंडळात मांडले तेव्हा मजूरमंत्री बाबासाहेब होते. हे सारे आम्ही १४ एप्रिलच्या भाषणात सांगत आलो. पण भाषण वेगळे आणि टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवीत उभा असतो ती वेळ वेगळी.

ताका उलगडला तशा भगिनींचे चेहरे उतरले. एक जण सरळ म्हणाली, "ताई, हाई ते गादीनं कापड शे. हाई कोन लेई?" पोरांनी तर "जेलचे कपडे, जेलचे कपडे" म्हणून नाचायलाच सुरुवात केली, 'शोले' सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेला. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची आपल्याकडे हीच कथा आहे. एक तर गादी, नाही तर कैदी, नाही तर आजोबांची नाडी लोंबणारी चड्डी. गरिबाचे म्हणून ओळखले जाणारे कापड गरिबालाच नको असते, यात आश्चर्य ते काय.

पण वर्गातल्या सर्वांत वडीलधाऱ्या मावशी, सत्तरीच्या, त्या कापडाला हात लावून बसल्या होत्या. त्यांनी एका टोकाचा दोरा ओढून पाहिला, उलटी बाजू पाहिली आणि म्हणाल्या, "कापड वाईट नई शे. देणारा वाईट शे."

मावशींचे बरोबर होते. आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते, त्यामुळे एवढे आम्हांसही ठाऊक. खान्देश म्हणजे कापसाचा मुलूख. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, चाळीसगावची मिल, यांच्या भोंग्यांवर एकेकाळी घराघरातल्या चुली पेटत. आता भोंगे गेले, गिरण्यांच्या जागांवर दुसरेच काही उभे आहे. वडील सांगायचे, पट्टा दोन तऱ्हेचा असतो, विणलेला आणि छापलेला. विणलेल्या पट्ट्यात उभ्या ताण्यातच रंगीत सूत भरलेले असते, म्हणून तो दोन्ही बाजूंनी दिसतो आणि कापडाच्या दोऱ्याबरोबर सरळ चालतो. छापलेला पट्टा उलटीकडून फिका असतो आणि पुष्कळदा दोऱ्याला सोडून तिरका पळतो. तिरक्या पट्ट्यावर भरवसा ठेवून कापले की पहिल्या धुण्यात कपडा पिळवटला म्हणून समजा. मावशींनी दोरा ओढला तो याचसाठी. गादीपाट विणलेलाच असतो, आणि वीण इतकी घट्ट की आतला कापूस बाहेर डोकावू नये. हाच त्याचा गुण. मशीनवरची सुई मात्र या घट्ट विणीने मोडते. नेहमीची १४ नंबरची सुई आमच्या दोन दिवसांत तीन मोडल्या. १६ नंबरची लावावी, जाड शिवणीला १८ ची, आणि टाका थोडा मोठा ठेवावा.

पहिले काम भिजवण्याचे. नव्या गादीपाटात खळ भरपूर असते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवला. मीटरामागे दीड इंच आटला, पन्हा ३६ चा ३५ झाला. पहिले पाणी निळे सुटले, दुसरे कमी, तिसरे स्वच्छ. ज्या भगिनींनी कंटाळा करून न भिजवता शिवले त्यांच्या अभ्र्यांत उशी शिरेना. आणि एकीने पांढऱ्या साडीच्या तुकड्याबरोबर भिजवून साडीही निळी केली, ते निराळेच.

पिशव्यांचे गणित सोपे निघाले. ३५ इंच पन्ह्याचे उभे दोन भाग, साडेसतरा-साडेसतरा. आटलेल्या मीटरातून ३२ इंच लांबीचा तुकडा दुमडून एक पिशवी, उरलेल्या साडेपाच इंचांतून दोन बंद. मीटरात दोन पिशव्या, चिंधीभरही वाया नाही. पट्टा उभा ठेवला तर पिशवी साधी दिसते, म्हणून एका भगिनीने बंद आणि तोंडाची पट्टी आडव्या पट्ट्यांची लावली. तेवढ्याने पिशवी दुकानातल्यासारखी दिसू लागली. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून जाड कापडी पिशवीला गिऱ्हाईक आहे. भाजीबाजारात पाच किलो कांदे उचलणारी पिशवी पाहिजे, नाजूक नको.

खरी मजा पुढे आहे. आम्ही हिशोबातली माणसे, आम्हांला पट्टा म्हणजे वहीतली रेघ वाटली. आणि झालेही तसेच. मावशींना दिसते कमी, खडूची खूण त्यांना दिसत नाही. परंतु पट्टा दिसतो! पट्ट्यावर कात्री ठेवली की काप सरळ जातो, पट्ट्यावर धावदोरा घातला की गोधडीचे टाके दुरेघी वहीतल्या अक्षरांसारखे ओळीत बसतात. नव्याने शिकणाऱ्या मुलींना आम्ही आता पहिले चार दिवस पट्टेरी कापडावरच मशीन चालवायला लावतो. "दोन निळ्यांच्या मधून गाडी हाका" एवढेच सांगावे लागते. साध्या पांढऱ्या कापडावर पंधरा दिवसांत जी रेघ सरळ येत नव्हती ती चार दिवसांत येऊ लागली.

त्यानंतर गोधड्या. सर्वांत सोपी रीत म्हणजे एकसारखे चौकोन कापायचे आणि एक उभा, एक आडवा असे मांडत जायचे. चटईची वीण असावी तसे दिसते. लहान बाळाच्या दुपट्याला ही रीत उत्तम, फक्त गादीपाट जाड म्हणून वरच्या थरालाच वापरावा आणि खाली, बाळाच्या अंगाकडे, जुने मऊ लुगडे किंवा धोतर. अशी सहा दुपटी झाली.

दुसरी रीत त्रिकोणांची, आणि तिने आमचे कापड खाल्ले. चौकोनाला दोन्ही कर्ण कापले की चार त्रिकोण पडतात, ते उलटसुलट जोडले की चौकटीत चौकट दिसते असे कोणीतरी सांगितलेले. आम्ही भराभर कापले आणि जोडले, तर चौकट काही जमेना. दोन बाजू जमत, दोन पसरत. चार-पाच मीटर यात गेले. मग कागदावर रेघा ओढून पाहिल्या तेव्हा चूक कळली. एका चौकोनातून पडणाऱ्या चार त्रिकोणांपैकी दोघांत पट्टा बाहेरच्या काठाला समांतर असतो आणि दोघांत तो काठाला काटकोनात उभा असतो. म्हणून चौकोन एक नव्हे, दोन कापावेत. समांतर पट्ट्यांचे चार त्रिकोण एकत्र आणले की चौकटीत चौकट, तिच्यात आणखी चौकट. राहिलेले चार एकत्र जोडले की मधून चारी दिशांना किरण निघाल्यासारखे दिसते. दोन चौकोनांत दोन नक्ष्या, कापड वाया नाही. कापताना मापात एक सुताचाही फरक नको, नाही तर कोपऱ्यावर पट्टे चुकतात आणि ती चूक लांबून दिसते. आणखी एक सांगून ठेवतो, कर्णावरचा काप उरेब पडतो, उरेब कडा हातात ताणली जाते. म्हणून ती शिवण आधी हाताने कच्ची टाकावी, मग मशीनखाली घ्यावी.

उरेब म्हटले की काठाची पट्टी आली. पट्टेरी कापडाची उरेब पट्टी काढून गोधडीच्या कडेला लावा, तिरक्या रेघांचा असा काही सुंदर काठ होतो की विकत घेतलेल्या लेसची गरज नाही. हा शोध वर्गातल्या सर्वांत धाकट्या मुलीचा. तिला आम्ही चिंध्या आवरायला सांगितले होते.

काय करू नये तेही सांगतो. गादीपाटाचा ब्लाऊज किंवा लहान मुलांचे झबले शिवू नये. घाम शोषत नाही असे नाही, पण जाड शिवण काखेत बोचते. आणि पातळ पट्टेरी कापडाचा कुर्ता शिवायचा तर बाजूच्या शिवणीवर पट्टे जुळवायला कापड जास्त लागते, ते आधीच धरावे. शिंपी पट्टे जुळवत नाही तो आळशी असतो असे नव्हे, आपण कापडच मोजून दिलेले असते.

या सगळ्यात एक दिवस वर्गात वाद झाला. एक भगिनी म्हणाली, "लोकांनी टाकलेले, गादीचे, चिंध्यांचे आपणच का जोडत बसायचे? बाबासाहेबांनी स्वच्छ कपडे घाला म्हणून सांगितले ना?" प्रश्न रास्त होता. तिच्या आजीच्या काळी जुने-फाटके हेच आपल्या वाट्याला येत होते, आणि ते नाकारूनच आपण इथवर आलो. आम्हांला त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. पुढच्या पौर्णिमेला विहारात भन्तेजींनी चीवराची गोष्ट सांगितली, ती मात्र सगळ्याजणी कान देऊन ऐकत होत्या.

विनयपिटकाच्या महावग्गात आहे की भगवंतांनी मगध देशातील बांधाबांधांनी आखलेली शेते पाहिली आणि भिक्खूंची चीवरे तशी करता येतील का असे आनंदाला विचारले. आनंदाने कापडाचे तुकडे कापून, मध्ये पट्ट्या आणि कडेला काठ जोडून तसे चीवर बेतले. आजही भन्तेजींचे चीवर नीट पाहा, शेताचे वाफे दिसतील. चुल्लवग्गात दुसरी गोष्ट आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला ५०० वस्त्रे दान दिली. राजा रागावला, एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण काय दुकान मांडणार? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना वाटीन. मग जीर्ण चीवरांचे काय? अंथरुणावरच्या चादरी. जुन्या चादरींचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बिछायत. त्या झिजल्या की पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी, आणि शेवटी फडक्यांचे तुकडे चिखलात तुडवून जमिनीला लिंपण. राजा इतका संतुष्ट झाला की त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली. गादीच्या खोळींचे नाव आले तशी वर्गातल्या बायकांत खसखस पिकली.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबवल्या गेलेल्या काळ्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका शेतात झिजलेल्या कामाच्या पँटी, पिठाची पोती आणि आपल्यासारखाच गादीचा पट्टेरी कपडा जोडून थंडीसाठी गोधड्या शिवीत. १९६६ साली नागरी हक्कांच्या चळवळीच्या दिवसांत त्या भागातल्या बायकांनी गोधड्या विकण्याची सहकारी संस्था काढली. २००२ साली त्यांच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतींवर लागल्या, २००६ साली अमेरिकी सरकारने त्यांची टपाल तिकिटे काढली. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीत, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तीही जुन्याच कपड्यांची. ह्या गोष्टी सांगितल्यावर आमची वाद घालणारी भगिनी म्हणाली, "भिंतीवर लागली म्हणजे किंमत आली. आपल्याला भिंत कोण देणार?" तिचा मुद्दा आम्ही इथे लिहून ठेवला आहे, खोडलेला नाही.

भिंत नाही, पण जागा मिळाली. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते, त्या दिवसाची आठवण म्हणून दरसाल तिथे आपले लोक जमतात. आमची नणंद धुळ्यात असते. तिच्या ओळखीने आम्ही तिथे एक पलंगपोस अंथरून पिशव्या मांडल्या. पुस्तके घेणाऱ्यांना पुस्तके ठेवायला पिशवी लागतेच. दुपारपर्यंत ५२ पिशव्या गेल्या. पाऊस आला म्हणून बाकीच्या परत आणल्या, त्या नंतर जळगावात खपल्या.

आता हिशोब, कारण तो दिल्याशिवाय आमच्या मनाला चैन नाही. पिशव्या ९०, प्रत्येकी ६० प्रमाणे ५,४००. अभ्रे २४, प्रत्येकी ५० प्रमाणे १,२००. दुपटी ६, प्रत्येकी ३५० प्रमाणे २,१००. एकूण जमा ८,७००. दोरा, सुया, एस. टी. व रिक्षाभाडे मिळून खर्च ९५०. हाती ७,७५०. ऑफिसातले एक सहकारी म्हणाले, "मग तर ५५० नफ्यातच राहिलात की!" आम्ही त्यांना विचारले, साहेब, दुसऱ्यांदा जे शिवले त्याची शिलाई कुठल्या खात्यावर टाकू? ७,२०० ची मजुरी पहिल्या ९०० पिशव्यांची होती. ती वसूल करायला त्याच बायकांनी पुन्हा नऊ महिने मशीन मारली, आणि ती सगळी फुकट. शिवाय त्या नऊ महिन्यांत एका भगिनीला पोराच्या फीसाठी सावकाराकडे जावे लागले. ती वर्ग सोडून धुणीभांडी करायला लागली, कारण तिथे महिन्याच्या महिन्याला रोख मिळते. तिच्या वाट्याचे पैसे आम्ही घरी नेऊन दिले, तिने घेतले, चहा पाजला, पण वर्गात परत यायचे नाव काढले नाही. आम्हीही आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

तेव्हापासून वर्गाचा नियम आहे. निम्मी मजुरी आगाऊ रोख, उरलेली माल उचलताना, आणि कोणताही कागद आला की तो मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. वाचण्याचे काम आता त्या धाकट्या मुलीकडे आहे, बारावीला आहे ती. सहीसुद्धा दोघींची लागते. त्या व्यापाऱ्याचे पुन्हा दोनदा बोलावणे आले. पहिल्यांदा आम्ही गेलो नाही. दुसऱ्यांदा आमची अट कळवली, मग तिकडून निरोप आला नाही.

राहिले पाच मीटर. ते मावशींनी मागून घेतले होते. दिवाळीनंतर त्यांनी त्याची मोठी गोधडी घातली, वरती दोन्ही नक्ष्यांचे चौकोन, चौकटीचा एक, किरणांचा एक, आत त्यांच्या सासूचे लुगडे आणि खाली स्वतःची झिजलेली साडी, कडेला ती तिरकी उरेब पट्टी. हाताचे टाके, पट्ट्यावरून एकही ढळलेला नाही. धुळ्याहून एका बाईंनी ती पाहून २,००० रुपये देऊ केले. मावशींनी दिली नाही. जळगावात जानेवारीच्या पहाटे कडाका पडतो तेव्हा धुणीभांड्याला निघणाऱ्या त्या भगिनीच्या घरी, तिचा पोरगा ती पांघरून झोपलेला आम्ही पाहिला.